एका कॉफीची शाळा

शुक्रवारची संध्याकाळ. आम्ही पाच जण कॅफेतल्या आमच्या ठरलेल्या कोपऱ्यात. काउंटरमागच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं, 'धिस वीक : केनिया एए'. किंमत २८० रुपये, टॅक्स वेगळा. महिनाअखेर असल्याने दोघांनी खाली टपरीवर कटिंग मारायची सूचना केली, पण एसी कुणालाच सोडवेना. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला. आमच्या नैरोबीकराचा.

नैरोबीकर आमच्याच कॉलेजातला. मास कॉम करून आम्ही पत्रकारितेत पडलो, त्याने मात्र शहाणपणा करून वेळीच आयटीची वाट धरली. कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी नैरोबीला पाठवलं, आता पाचवं चालू आहे. मेसेज एवढाच होता : 'किबेरात एक छोटी शाळा आहे. मी शनिवारी तिथे गणित शिकवायला जातो. त्यांना मदत हवीय. दर महिन्याला प्रत्येकी हजार रुपये. कोण कोण?'

हजार रुपये म्हणजे साधारण दीड हजार केनियन शिलिंग. किंवा आमच्या भाषेत साडेतीन केनिया एए. पाच मिनिटांत आठ जणांनी अंगठे वर केले. काय भारी वाटलं म्हणून सांगू! आणि सहाव्या मिनिटाला पहिला प्रश्न पडला, 'आपल्याला कुठलं मूल मिळणार?'

तो प्रश्न मी विचारला होता.

हसू नका. तुम्हीही हेच विचारलं असतं. 'दिवसाला एका कॉफीच्या किमतीत एका मुलाचं आयुष्य बदला' ही लाइन आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. शेजारी मोठ्ठ्या डोळ्यांच्या मुलीचा फोटो. पैसे भरले की तिचं नाव कळतं, वर्षाने तिच्या अक्षरातलं पत्र येतं, आपण ते ऑफिसच्या सॉफ्टबोर्डला टाचणीने लावतो. मला ती टाचणी दिसायलासुद्धा लागली होती.

नैरोबीकराचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'हेडटीचरना विचारलं. मुलं वाटायला नाहीयेत म्हणाल्या.'

ग्रुपवर अर्धा तास शांतता. मग एकाने विचारलं, मग पैसे नक्की कशाला हवेत? उत्तर : 'दुपारचं जेवण आणि शिक्षकांचे पगार.' बास. खरं सांगते, आमचा उत्साह तिथेच निम्म्यावर आला. पगाराचा फोटो कसा काढणार?

तर आधी थोडं किबेराबद्दल. नैरोबीच्या मध्यापासून पाचेक किलोमीटरवर, नैऋत्येला ही वस्ती आहे. नाव आलं नुबी भाषेतल्या 'किब्रा'वरून. अर्थ जंगल. ब्रिटिशांच्या 'किंग्ज आफ्रिकन रायफल्स'मधल्या सुदानी वंशाच्या नुबियन सैनिकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी इथे राहायला जागा दिली, जागेचे कागद मात्र दिले नाहीत. नुबियन समाजाला २८८ एकरांचे कागद मिळाले ते थेट २०१७ मध्ये. बाकी बहुतेक जमीन सरकारी आणि बहुतेक माणसं भाडेकरू. हे 'कागद नाहीत' प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आकड्यांची एक गंमत. वर्षानुवर्षं प्रत्येक पत्रकात, प्रत्येक वेबसाइटवर, प्रत्येक डॉक्युमेंटरीत 'आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, लोकसंख्या दहा लाख' असं छापून येत होतं. २००९ मध्ये केनियाच्या जनगणनेने मोजलं तर निघाली १ लाख ७० हजार ७०. जनगणनेतून काही माणसं सुटली असतील असं धरलं तरी दहा लाख कुठे आणि हे कुठे! इतकी वर्षं कुणी मोजलंच नाही, कारण मोठा आकडा सगळ्यांच्या सोयीचा होता. देणाऱ्याला मोठ्या दुःखाला मदत केल्याचं समाधान, मागणाऱ्याला मोठा चेक. मी स्वतः एका लेखात तो दहा लाखांचा आकडा ठोकून दिला होता. (सापडला तर कृपया फाडून टाका.)

मागच्या वर्षी मासाई माराचा बेत ठरला. हल्ली जुलै-ऑगस्टमध्ये माराला गेलं की सिंह कमी आणि 'अहो, इकडे बघा, इकडे!' म्हणणारे मराठी जास्त दिसतात. सहा दिवस जिराफ, झेब्रे आणि थेपले झाले. सातव्या दिवशी नैरोबीकर मला किबेराला घेऊन गेला. जाताना बजावलं, 'कॅमेरा बॅगेत. फोनही.' तिथे स्लम टूर्स विकल्या जातात, गोऱ्या पाहुण्यांचे जथे फोटो काढत हिंडतात आणि लोकांना त्याचा मनस्वी कंटाळा आलाय, हे त्याने वाटेत सांगितलं.

रस्त्याच्या एका अंगाला १९०६ सालच्या रॉयल नैरोबी गोल्फ क्लबची हिरवळ. तिला लागूनच गंजलेल्या पत्र्यांचा समुद्र. मुंबईकराला ह्याचा धक्का बसत नाही, हीच काय ती लाजेची गोष्ट. वस्तीच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी रेल्वे ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ मध्ये बांधली, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्या रेल्वेची आजची लाइन किबेरातून जाते. रुळांच्या कडेला दुकानं मांडलेली. त्यांना स्वाहिलीत म्हणतात 'दुका'. गाडीला 'गारी'. चपातीला चपातीच. तव्यावर तेल सोडून भाजत होते, वास थेट आपल्या पराठ्याचा.

शाळेला मात्र 'शुले' म्हणतात आणि हा शब्द म्हणे जर्मनमधून आलाय. पण शाळेच्या आतले शब्द पुन्हा ओळखीचे : किताबु, कलामु. आणि गणिताला, हिशोबाला 'हेसाबु'.

आम्ही पोचलो तेव्हा हेसाबुचाच तास चालू होता. हेडटीचरनी हात करून आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. आत बोलावलं नाही. पंचवीस मिनिटं! सहा हजार रुपये व्हिसाचे नि वशिल्याचे घालून आलेली मी पाहुणी, पत्रकार, देणगीदार, आणि मला कुणी आत घेईना. पत्र्याच्या भिंतीतून पाढे ऐकू येत होते. बाजूला शेगडीवर हे मोठ्ठं पातेलं, त्यात मका आणि राजमा शिजत होता. ह्याला गिथेरी म्हणतात. शेगडीला जिको. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि थर्मासमधून चहा ओतून दिला. दुधाचा, भरपूर साखरेचा. मी त्या पंचवीस मिनिटांत इतकी अवघडले होते की तो चहा मला अजून आठवतो.

तास संपला, मग बाई बाहेर आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, की पाहुणे आले की तास बुडतो, म्हणून नियम केलाय. सॉरी वगैरे काही नाही. मला त्या तिथेच आवडल्या.

आता तुम्ही म्हणाल, केनियात शिक्षण फुकट नाही का? आहे की. जानेवारी २००३ मध्ये किबाकींच्या सरकारने प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि एका वर्षात पटावरची मुलं ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश शिवून पहिलीत जाऊन बसले, त्यांच्यावर पुढे सिनेमाही निघाला. पण सरकारी वर्गात शंभर-शंभर मुलं कोंबली गेली. शाळा वस्तीच्या कडेला, आत नाहीत. वस्तीतल्या मुलांच्या आया पहाटे पाचला दुसऱ्यांच्या घरची धुणी करायला चालत निघणार, मग तीन वर्षांच्या पोराला सोडायचं कुणाकडे? आणि जन्मदाखला नसेल तर सरकारी कॉम्प्युटरवर नावच चढत नाही. म्हणून वस्तीच्या आत गल्लीगल्लीत ह्या छोट्या शाळा उभ्या राहिल्या. फी फुकट झाल्यानंतरही, २००३ मध्येच, जेम्स टूली नावाच्या ब्रिटिश प्राध्यापकाने किबेरात शाळा मोजल्या, तर ७६ खासगी शाळा आणि त्यात १२ हजारांवर मुलं सापडली. कुठे चर्चच्या, कुठे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, कुठे एखाद्या बाईने स्वतःच्या खोलीत सुरू केलेल्या. ह्या बाईंची शाळा तिसऱ्या प्रकारातली.

टूलीसाहेबांचा सूर असा, की बघा, गरीबसुद्धा सरकारी सोडून खासगी निवडतो. मला हे पटत नाही. निवडायला दुसरं असतं तर निवड म्हणायची.

बाईंनाही पटत नव्हतं, हे विशेष. २०२३ पासून नैरोबी काउंटीने सरकारी शाळांमधून पाच शिलिंगांत गरम जेवण सुरू केलंय. मुलाच्या मनगटावर एक पट्टा असतो, आई मोबाइलवरून पैसे भरते आणि मूल पट्टा टेकवून थाळी घेतं. ही कल्पना वावीरा न्जिरू ह्या केनियन मुलीच्या 'फूड फॉर एज्युकेशन' संस्थेची. तिने २०१२ मध्ये २५ मुलांपासून सुरुवात केली होती. ते जेवण आल्यावर बाईंच्या शाळेतली काही मुलं सरकारी शाळेत गेली. मी चुकचुकले. बाई म्हणाल्या, त्यात वाईट काय? तिथे पोटभर मिळतं. उरलेली माझ्याकडे आहेत, ती तिथे मावत नाहीत.

तर आमच्या ग्रुपकडे वळू. फोटोतलं मूल हुकल्यावर आमच्या सुपीक डोक्यांतून एकेक आयडिया निघत गेली आणि एकेक आपटत गेली.

पहिली, जुने कपडे. आमच्या एकीच्या कपाटात कॉर्पोरेट रनचे चौदा टी-शर्ट. ते पाठवू म्हणाली. किबेराला लागून टॉय मार्केट आहे. तिथे मी पाय ठेवला आणि पाहिलं तर जगभरातल्या सगळ्या कपाटांचे सगळे टी-शर्ट आधीच तिथे येऊन पडलेले. त्यांना 'मितुंबा' म्हणतात, मूळ अर्थ गठ्ठे. परदेशात कुणीतरी दान केलेले कपडे गठ्ठ्यांनी विकत येतात, मग बाजारात सुटे विकले जातात. दान म्हणून निघालेला शर्ट माल म्हणून पोचतो. त्यावर तिथल्या हजारो लोकांचं पोट आहे, म्हणून मी नाकं मुरडणार नाही. पण आपल्या चौदा टी-शर्टांवाचून कुणाचं अडलेलं नाही.

दुसरी आयडिया पुस्तकांची आणि ती मला मनापासून पटली होती. इंग्लिश गोष्टींची पुस्तकं, शंभर, कुरियरने. पण इथे एक जुनं संशोधन आड आलं. नव्वदच्या दशकात पश्चिम केनियातल्या बुसिया भागात मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं दिली आणि काहींना दिली नाहीत. मग मार्क ताडून पाहिले. सरासरीत फरकच नाही! फक्त आधीपासून हुशार होती ती मुलं पुढे गेली. कारण काय, तर पुस्तकं इंग्लिशमध्ये, आणि इंग्लिश ही त्या मुलांची तिसरी भाषा. घरी एक, बाजारात स्वाहिली, मग इंग्लिश. पुस्तक हातात आलं, पण वाचणार कोण? ह्याच क्रेमरना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, एस्थर डुफ्लो आणि अभिजित बॅनर्जींच्या जोडीने. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई माहेरची पाटणकर, हे आपल्याकडे त्या आठवड्यात प्रत्येक घरात सांगून झालं होतं. ते ज्यावर काम करत होते ते मात्र कमी सांगितलं गेलं. मुंबईच्या पालिका शाळांत 'प्रथम' संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुलींना 'बालसखी' म्हणून नेमलं, त्यांनी मागे पडलेल्या मुलांना दिवसाचे दोनेक तास वेगळं बसवून साधं वाचन आणि बेरीज-वजाबाकी शिकवली, आणि मार्क खरोखर वाढले. म्हणजे पुस्तकाने जे झालं नाही ते एका माणसाने केलं. जिथल्या तिथल्या, साध्या, पगार मिळणाऱ्या माणसाने. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीच्या धर्तीवर २००९ मध्ये केनियातही घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासायला सुरुवात झाली. तिचं नाव 'उवेझो', म्हणजे क्षमता.

बाईंना हे नोबेल वगैरे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी एक खोका उघडून दाखवला. आत आधीच आलेली गोष्टीची पुस्तकं. सगळ्यांत वरच्यावर एक ससा, लोकरीची टोपी घालून बर्फात घसरत चाललेला. नैरोबीतली मुलं बर्फ कुठे बघणार? 'चित्रं छान आहेत,' त्या म्हणाल्या. 'वाचून दाखवायला शिक्षक लागतो.'

तिसरी आयडिया सगळ्यांत महागडी. एक पक्की खोली बांधू, दारावर आमच्या बॅचची छोटीशी पाटी. (छोटीशी हं!) इथे ते कागद आड आले. जुलै २०१८ मध्ये किबेरातून एक रस्ता काढायचा म्हणून सरकारने बुलडोझर घातले, हजारो घरं पाडली आणि त्यात शाळाही गेल्या. शिकणारी मुलं एका सकाळी ढिगाऱ्यावर उभी. जिथे जमीन आपली नाही तिथे पक्कं बांधलं काय, पाडताना एक दिवस जास्त लागेल इतकंच. आणि कच्चं बांधून वर माडी चढवली तर काय होतं, ते नैरोबीनेच सप्टेंबर २०१९ मध्ये पाहिलं. डागोरेटी भागातली लाकूड-पत्र्याची शाळा सकाळी वर्ग भरले असताना कोसळली, आठ मुलं गेली. त्यानंतर बाईंनी वर माडी चढवायचा विचार कायमचा सोडला. आहे ते तळमजल्यावर, आणि दरवाजे दोन. दोन दरवाजे दाखवताना मात्र त्यांना अभिमान वाटत होता.

सगळ्याच गोष्टी अशा मोडत नाहीत, हेही सांगायला हवं. केनेडी ओडेडे हा किबेरातच वाढलेला मुलगा. २००४ मध्ये २० सेंटचा फुटबॉल विकत घेऊन त्याने पोरं गोळा केली, २००९ मध्ये मुलींसाठी मोफत शाळा काढली. तिथे आई-बापांनी फीऐवजी वर्षातले पाच आठवडे शाळेत काम करायचं असतं. त्याच्या 'शोफको' संस्थेला २०१८ मध्ये वीस लाख डॉलरचं हिल्टन पारितोषिक मिळालं. पण असा एक ओडेडे, आणि गल्लीत बाकीच्या शाळा आमच्या बाईंसारख्या. त्यांची वही असते आणि वहीत पेन्सिलने लिहिलेल्या फिया. पेन्सिलने का? आज भरतो म्हणणारा उद्या खोडायला लावतो म्हणून.

ती वही मी पाहिली. ज्या महिन्यात सुट्टी त्या महिन्यात फी नाही. नोव्हेंबर-डिसेंबर कोरे, एप्रिल जवळजवळ कोरा. शिक्षकांच्या घरभाड्याला मात्र सुट्टी नसते. २०२० मध्ये मार्चला शाळा बंद झाल्या त्या बहुतेक वर्गांसाठी थेट जानेवारी २०२१ ला उघडल्या. त्या काळात बाईंनी रुळाशेजारी भाजीची टोपली लावली होती. 'सुकुमा विकी' विकायच्या, केलसारखी पालेभाजी असते. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. पगार येईपर्यंत हिच्यावर दिवस काढायचे, म्हणून ते नाव. त्यांच्या चार शिक्षकांपैकी दोन परत आलेच नाहीत.

तर बाईंचं म्हणणं अगदी साधं होतं. थोडे द्या, पण ठरलेल्या तारखेला द्या. एकदम लाख आले तर मला भीती वाटते, म्हणाल्या, कारण ते संपतात आणि तोवर मी कुणाला तरी शब्द दिलेला असतो.

परत आल्यावर आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! आपल्याकडे शाळा कमी आहेत का मदतीला?' प्रश्न रास्त आहे. तुमच्याही मनात दहा मिनिटांपासून असणार. माझ्याकडे ह्याचं भारदस्त उत्तर नाही. नैरोबीकर तिथे आहे, दर शनिवारी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, एवढंच. ज्या शाळेत आपला माणूस जातो त्या शाळेचं खरं-खोटं आपल्याला कळतं. तुमचा माणूस शेजारच्या वस्तीत जात असेल तर तिथे द्या, स्वस्तही पडेल. कारण परदेशातल्या संस्थेला दिलेल्या पैशावर ८०जीची सवलत मिळत नाही. रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू देते, देणगीही त्यात बसते (तुमचे-आमचे अडीच लाख डॉलर, हा हा). पण दर वेळी बँकेचा चार्ज बसतो. म्हणून आम्ही सगळे एकीच्या खात्यात टाकतो आणि ती तीन महिन्यांतून एकदा बँकेत जाऊन फॉर्म भरते, शाळेच्या नोंदणीकृत मंडळाच्या खात्यावर पाठवते. कुणाच्या खासगी खात्यावर नाही. हे पहिल्या दिवशी ठरवलं आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पाठ थोपटण्यासारखं एवढंच. आता पुढचं.

ह्या वर्षी एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने मी पैसे भरले नाहीत. फ्रीलान्सिंगमध्ये मानधन येतं नव्वद दिवसांनी, तेही चार फोन केल्यावर, आणि त्या काळात दोन ठिकाणचे पैसे अडकले होते. भाडं, ईएमआय, चुलतबहिणीचं लग्न. हजार रुपये कुठेही गेले असते, पण सगळ्यांत आधी ते जे कुणी मागणार नव्हतं तिथले कापले. ग्रुपवर काही बोलले नाही. वाटलं, आठातली एक, काय फरक पडतो? नंतर कळलं, त्याच तिमाहीत आणखी दोघांनीही हेच म्हणून हेच केलं होतं. एकाने नोकरी बदलली होती, दुसरा चक्क विसरला होता. आठातले तीन.

बाईंनी तक्रार केली नाही. त्या दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवतात, त्यांनी मागितलेला आणि दिलेला हा एकमेव फोटो. वर मथळा : हेसाबु. मेच्या पानावर पीपी-टूच्या, म्हणजे आपल्या सीनियर केजीच्या शिक्षिकेच्या नावापुढे पगाराच्या जागी रेघ होती. जूनच्या पानावर तिचं नावच नव्हतं. मी दोन्ही फोटो 'नाइस' म्हणून अंगठा टाकून पुढे गेले होते. नैरोबीकराने मला वेगळा मेसेज केला तेव्हा परत उघडून पाहिले. ती मुलगी चोवीस वर्षांची, एप्रिलचा पगार अर्धा मिळाला, मेचा मिळाला नाही, घरमालकाने सामान बाहेर काढायची धमकी दिली. ती आता शहरातल्या एका घरी मुलं सांभाळते. पीपी-वन आणि पीपी-टू एका खोलीत बसतात.

मला सगळ्यांत जास्त काय लागलं सांगू? पगार वेळेवर न आलेल्या माणसाचं काय होतं ह्यावर ह्याच पानावर मी दोनदा लिहिलंय. 'मानधनाचं भिजत घोंगडं' म्हणून. तुमच्यातल्या कित्येकांनी मेल करून शाबासकी दिली होती.

मी तीन महिन्यांचे पैसे भरले, उशिरा. त्या शिक्षिकेला बाईंनी विचारलं, ती परत आली नाही. का यावं तिने? तिथे पगार एक तारखेला होतो. जुलैच्या अखेरीस बाईंना दुसरी मिळाली, आणि त्या आधीच्या सहा-सात आठवड्यांत ह्या मुलांना अक्षर ओळख कुणी करून दिली ते मी विचारलेलं नाही.

आता ऑटो-डेबिट आहे, दोन तारखेला. तिघांनी मिळून सहा महिन्यांचे आगाऊ टाकून ठेवलेत, त्याला हात लावायचा नाही, फक्त कुणाचा महिना चुकला तर त्यातून भरायचा. ही आयडिया कुणाची म्हणाल तर बाईंची. वस्तीतल्या बायकांची भिशी असते, तिला 'चामा' म्हणतात, तिथे असंच करतात म्हणाल्या. आमच्यातल्या एमबीए झालेल्या दोघांना हे सुचलं नव्हतं.

परवा ऑगस्टचा हेसाबु आला. मी ह्या वेळी ओळ न् ओळ वाचली. मका. राजमा. कोळसा. खडू दोन डबे. शिक्षक चार, चौघांपुढे आकडे. शेवटची ओळ : 'चहा, पाहुणे, ४० शिलिंग.'

ग्रुपवर विचारलं, हे पाहुणे कोण?

नैरोबीकराचं उत्तर आलं, 'मी. गेल्या शनिवारी दोन कप प्यायलो. भरतोय, भरतोय.'